आपली धूळ

चंद्रप्रकाश घाडीगावकरला धुळीतलं कळायचं. निदान त्याचं तसं मत होतं, आणि स्वतःच्या मतावर शंका घ्यायची सवय त्या घराण्यात कुणालाच नव्हती. रोज सकाळी चहा व्हायच्या आत तो खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवायचा, ते डोळ्यांजवळ न्यायचा आणि निकाल जाहीर करायचा. धूळ काळपट असली तर शेजारच्या 'नीलांजन'ची, पांढरट असली तर आपल्या 'शुभदा'ची. नीलांजनची धूळ छातीत जाते, शुभदाची फार तर फर्निचरवर बसते, हेही तो वर सांगायचा. बोट रोज काळपटच निघायचं, हा भाग वेगळा.

आता शुभदा म्हणजे काय ते सांगायला हवं. बोरिवली पूर्वेच्या एका गल्लीत या नावाची तीन मजली बिल्डिंग होती. होती म्हणजे आता नाही. ती पाडून तिथे बावीस मजली टॉवर उठत होता, हिरव्या जाळीत गुंडाळलेला. टॉवर होईपर्यंत सगळे सभासद भाड्याच्या घरांत पांगले होते. शहाणे होते ते दहिसरला, कांदिवलीला, वसईला गेले. चंद्रप्रकाश पडला सोसायटीचा सेक्रेटरी. त्याने गल्लीच्या अलीकडे, बरोबर समोर, 'स्वानंद'मध्ये अगदी वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. बिल्डरवर नजर ठेवायला कुणीतरी नको का? विमा कंपनीतून रिटायर झालेला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या क्लेममध्ये खोट शोधण्यात गेलेला. आता क्लेम नव्हते, म्हणून त्याने दुर्बीण घेतली. सळई केवढ्या जाडीची, सिमेंट कुठल्या छापाचं, मुकादम तंबाखू किती वेळ मळतो, सगळं तो गॅलरीतून टिपायचा आणि 'शुभदा परिवार' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. लांब राहणाऱ्या सभासदांना घरबसल्या करमणूक मिळायची.

पण खरं सांगायचं तर समोर राहण्याचं कारण नुसता बिल्डर नव्हता. खरं कारण भाऊ. भाऊ म्हणजे चंद्रप्रकाशचे वडील. गिरणीच्या कार्डिंग खात्यात कापसाचा भुगा नाकातोंडात घेत त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. गिरणी बंद पडल्यावर जे काही हातात आलं ते घालून त्यांनी शुभदातली तळमजल्यावरची जागा घेतली. भाऊंच्या लेखी जगात घरं दोनच, एक मालवणाकडचं आणि एक शुभदातलं. गावचं घर भावकीने गिळलं. उरलेलं दुसरं पाडायला त्यांनीच सही केली, का तर चंदू म्हणाला. सही करताना त्यांनी एकच अट घातली होती.

"माका परत हयच आणून सोड. दुसऱ्याच्या घरात माका मरूचा नाय."

चंदूने शब्द दिला होता. नव्या टॉवरमध्ये त्यांचं घर नवव्या मजल्यावर यायचं होतं. भाऊंना आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. ते गॅलरीलगतच्या खाटेवर पडून घर ऐकायचे. सळया पडल्या, मिक्सर फिरला, स्लॅबच्या दिवशी नारळ फुटला, की ते विचारायचे कितवा. दिवाळीनंतर सातवा स्लॅब झाला तेव्हा प्रेमाने, म्हणजे चंद्रप्रकाशच्या बायकोने, त्यांना बिल्डरकडचा पेढा भरवला. पेढा गिळायच्या आत त्यांना खोकल्याची उबळ आली. पेढा गेला कुठे आणि भाऊ कुठे, काही कळेना.

तो खोकला मग मुक्कामालाच आला. दिवसा मशिनी सुरू असेपर्यंत ढास लागायची आणि रात्री तिची शिल्लक निघायची. भाऊ उठून बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढायचे, आणि प्रेमा त्यांची पाठ चोळत बसायची. डॉक्टर म्हणाले, यांना धुळीपासून लांब न्या. चंद्रप्रकाशची बहीण जयंती गोरेगावला होती, तिने दोनदा गाडी पाठवायची तयारी दाखवली. भाऊंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. गोरेगावातून घराचा आवाज येत नाही, हे त्यांचं म्हणणं. प्रेमाने नवऱ्याला सुचवलं की आपण सगळेच जरा मागच्या गल्लीत घर बघू या. चंद्रप्रकाश म्हणाला, आणि बिल्डरकडे कोण बघणार?

शिवाय त्याच्या मते प्रश्न जागेचा नव्हताच, नीलांजनचा होता. नीलांजन म्हणजे शुभदाच्या शेजारचा प्लॉट, तिथेही टॉवरच चालला होता, पण दुसऱ्या बिल्डरचा. त्यांची जाळी फाटकी. त्यांचे डंपर ताडपत्री न टाकता फिरणारे. आपला बिल्डर दोन वेळा पाणी मारतो, हे चंद्रप्रकाशने स्वतःच्या दुर्बिणीतून पाहिलं होतं. एकदाच पाहिलं होतं, वॉर्ड ऑफिसचे लोक आले होते त्या दिवशी, पण पाहिलं होतं. म्हणून तो हात धुऊन नीलांजनच्या मागे लागला. तक्रारीवर तक्रार. वॉर्ड ऑफिसातला साहेब सज्जन होता, दर वेळी चहा पाजायचा आणि विचारायचा, पुरावा काय? बोट पुढे करून चालण्यासारखं नव्हतं.

पुरावा अपूर्वाने आणला. अपूर्वा ही जयंतीच्या जावेची मुलगी, हवेचाच अभ्यास करणारी. हवा मोजायचे डबे बसवायला तिला ठिकठिकाणच्या गच्च्या हव्या होत्या. तिने जयंतीकडे सहज विषय काढला आणि दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश स्वानंदच्या कमिटीची परवानगी घेऊन तिच्यापुढे हजर. जेवणाच्या डब्याएवढा एक पांढरा डबा गच्चीवर बसला. गच्चीची किल्ली चंद्रप्रकाशने मागून घेतली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. अपूर्वाने बिचारीने बजावलं होतं की काका, हा डबा डोळ्यांना न दिसणारे बारीक कण मोजतो, आणि ते कुणाचे हे त्याला ओळखता येत नाही. काका म्हणाले, दिसत नसले तरी नीलांजनचेच असणार.

डब्याचा आकडा मोबाइलवर दिसायचा. दोनशेच्या वर गेला की हवा वाईट. तो पहिल्या आठवड्यातच दोनशेच्या वर गेला, आणि हवा वाईट आहे म्हणून इतका खूश झालेला माणूस बोरिवलीत दुसरा झाला नसेल. तो उठताबसता आकडा बघायचा. आकडा वर गेला की वॉर्ड ऑफिस गाठायचा, खाली आला की बेचैन व्हायचा. त्या थंडीत शहरभर धुरकं साचलं, पेपरांनी ओरड केली आणि वरून हुकूम निघाला, ज्या भागात आकडा सतत दोनशेच्या वर, तिथली बांधकामं बंद. आकडा आठवडाभर दोनशेच्या आत राहिला तरच पुन्हा सुरू. साहेबाला लांब जायची गरज नव्हती. गल्लीतला आकडा त्याच्या टेबलावर तयार होता, चंद्रप्रकाशनेच नेऊन दिलेला.

सकाळी नीलांजनच्या गेटवर नोटीस लागली. चंद्रप्रकाशने तिचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'सत्याचा विजय'. दुपारी जेवून गॅलरीत येतो तो काय, तोच माणूस तोच डिंकाचा डबा घेऊन शुभदाच्या गेटवर दुसरी नोटीस चिकटवतोय. चंद्रप्रकाश चपला न घालता खाली पळाला. आधी त्याला समजावलं की गेट चुकलं. मग साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाला, घाडीगावकर, हवेला प्लॉट नंबर नसतो हो. इतक्या दिवसांत साहेब पहिल्यांदाच काहीतरी चांगलं बोलला होता, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत चंद्रप्रकाश नव्हता.

मिक्सर थांबला, लिफ्ट थांबली, मजूर पत्र्याच्या आडोशाला पत्ते कुटत बसले. 'शुभदा परिवार'मध्ये मात्र धुरळा उडाला. कुणी म्हणालं, सेक्रेटरीला नसती उठाठेव कुणी सांगितली होती. कुणी म्हणालं, वाट लावली आपल्याच माणसाने. सोसायटीचे चेअरमन देवव्रत किणी हे तसे मवाळ गृहस्थ. पण त्यांच्या गंधालीचं लग्न ठरलेलं होतं, आणि मुलगी नव्या घरातून पाठवायची हे त्यांचं स्वप्न होतं. ते संध्याकाळी घरी आले, चहा नको म्हणाले आणि उभ्याउभ्याच बोलले.

"सी.पी., आकडा तू वर नेलास. आता तूच तो खाली आण."

झालं. ज्या जोमाने त्याने आकड्याच्या वाढीला हातभार लावला होता, त्याच जोमाने तो आता त्याच्या मुळावर उठला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री त्याने पार मेन रोडला पिटाळली. बेकरीवाल्याशी लाकडाच्या भट्टीवरून भांडून गल्लीचे सकाळचे गरम पाव बंद पाडले. पाला जाळणाऱ्या झाडूवाल्याला गाठून त्याच्यासमोर हात जोडले. गंमत म्हणजे संध्याकाळच्या या फेरीला नीलांजनचे सेक्रेटरी त्याच्या बरोबरीने असायचे. इतके दिवस एकमेकांना पाण्यात पाहणारी दोन माणसं आता खांद्याला खांदा लावून टपरीपर्यंत जाऊन सिगारेटी विझवून येत होती. स्वानंदच्या जिन्यात पाटी लागली, मच्छर अगरबत्ती लावू नये. सुक्या मिरचीची फोडणी खिडक्या लावून द्यावी.

घरात तर विचारूच नका. प्रेमाचा एक नेम होता. दिवेलागणीला गोवरीच्या निखाऱ्यावर धूप टाकून ती धुपाटणं घरभर फिरवायची, सासूने शिकवलेलं. भाऊंना खोकला लागल्यापासून तिने ते त्यांच्या खाटेपाशी न्यायचं सोडलं होतं, नुसतं देवापुढे ठेवायची. चंद्रप्रकाशने तेही बंद केलं आणि धुपाटणं स्टुलावर चढून माळ्यावर ठेवून दिलं. देवाला म्हणे आठवडाभर चालतं. सकाळ-दुपार तो गच्चीवर पाणी मारायचा, डब्याभोवतीच्या कुंड्यांची पानं पुसायचा. डब्याभोवतीची दहा फूट हवा तेवढी शुद्ध करून सोडायची त्याने प्रतिज्ञाच केली होती. बाकीच्या बोरिवलीची हवा कशी का असेना, ती काही मोजली जात नव्हती.

आकडा थोडा उतरला. पण दोनशेच्या वरचा वरच राहिला. आणि या सगळ्या धावपळीत त्याच्या घरात एक गोष्ट घडत होती, ती त्याला दिसत होती आणि दिसत नव्हती. भाऊ खोकत नव्हते.

पहिल्या दोन-चार दिवसांत ढास कमी झाली. मग रात्रीचं उठून बसणं थांबलं. मग एका सकाळी भाऊंनी मागून घेऊन पेज खाल्ली, वर सुक्या बांगड्याचा तुकडा मागितला, आणि प्रेमाने तो खिडक्या लावून भाजला. ते तिला गिरणीतल्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, नकला करून दाखवू लागले. आवाज कुठे गेला म्हणून त्यांनी मुलाला विचारलं. चंद्रप्रकाश मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, संक्रांतीची सुट्टी आहे. संक्रांत होऊन गेली तरी आवाज आला नाही. भाऊंनी पुन्हा विचारलं नाही.

शेवटी त्याने अपूर्वाला बोलावून घेतलं. तुझा डबा बिघडलाय, म्हणाला. ती लॅपटॉप घेऊन आली आणि आधी गच्ची बघून हसली. ओल्या लाद्या, पुसलेली पानं. काका, डब्याला अभ्यंगस्नान घालताय का, म्हणाली. मग खाली येऊन तिने पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ दाखवली आणि चंद्रप्रकाशला शाळेतल्या मुलासारखं समोर बसवलं.

तिचं म्हणणं असं. आकड्याचा हा जो खालचा जाड थर आहे, तो गल्लीचा नाहीच. थंडीत समुद्राचा वारा मंदावतो, रात्री जमिनीकडचा वारा सुटतो, आणि खाडीपलीकडचे, डोंगरापलीकडचे ट्रक, भट्ट्या, चिमण्या, जळता कचरा, सगळ्यांचं मिळून जे होतं ते शहरावर येऊन बसतं. त्याला इस्त्रीवाला काय करणार आणि तुमची नोटीस काय करणार? एकशे साठ-सत्तर तर असेच होतात.

"मग आमच्या टॉवरची धूळ?" त्याने विचारलं. स्वतःच्या टॉवरच्या धुळीबद्दल तो प्रथमच विचारत होता.

"ती जास्त करून जाड असते, काका. लांब जात नाही, समोरासमोर बसते. डब्यात तिचा फार फरक दिसत नाही. समोर राहणाऱ्या माणसाला मात्र दिसतो." एवढं बोलून ती थांबली, कारण आतून भाऊंचा हसण्याचा आवाज आला.

चंद्रप्रकाशने तो ऐकला आणि घाईने विचारलं, मग दोनशे कसे होतात? तेव्हा तिने रेघेवरचे सुळके दाखवले. कामबंदीच्या पहिल्या आठवड्यापासून रोज दिवेलागणीला रेघ एकदम आभाळाला भिडत होती आणि तासाभरात खाली येत होती. दिवसाचा सगळा हिशेब तेवढ्यानेच दोनशेपार जात होता. हे काही डोंगरापलीकडून येत नाही, ती म्हणाली. इतकं टोकदार म्हणजे अगदी जवळचं. डब्याला खेटून कुणीतरी काहीतरी पेटवतंय. हा सुळका गेला की तुमचं काम आठवड्यात सुरू.

तिला खालपर्यंत पोचवून तो परत आला तो पेटलेलाच. डब्याला खेटून! म्हणजे घातपात. त्याचा संशय आधी नीलांजनच्या सेक्रेटरीवर गेला, पण त्याचं तर कामबंदीत आपल्याहून जास्त नुकसान. मग चोरून सिगारेट ओढणाऱ्या स्वानंदमधल्या पोरांवर. मग आपल्याच बिल्डरवर, कारण बिल्डरवर संशय कधीही घेता येतो. गच्चीची किल्ली आपल्याच खिळ्याला असते, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. लोकांचे क्लेम तपासून घर चालवलेला माणूस, पण स्वतःच्या घरात त्याने कधी तपासणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर त्याने प्रेमाला सांगितलं की देवव्रतकडे जाऊन येतो. पाणी मारायला म्हणून गच्ची उघडीच ठेवली होती. तो वर जाऊन टाकीच्या मागे दबा धरून बसला. समोर शुभदा निपचित उभी, जाळीला एकही झुळूक नाही. पश्चिमेला सूर्य तांबूस डागासारखा विरत चाललेला. गच्चीच्या जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेका पायरीला थांबत. गुडघे दुखणाऱ्या माणसाची ती चाल त्याने तीस वर्षं ऐकली होती, तरी त्याला ओळखू आली नाही.

प्रेमा वर आली. हातात धुपाटणं. माळ्यावरून कधी काढलं कुणास ठाऊक. तिने ते पांढऱ्या डब्याखाली व्यवस्थित टेकवलं, निखाऱ्यावर चिमूटभर धूप टाकला, गोवरीचा एक तुकडा आत सरकवला आणि पदराने वारा घातला. धूर डब्याला लपेटून वर चढला. मग तिने शुभदाकडे तोंड करून हात जोडले.

चंद्रप्रकाश टाकीमागून उठला. त्याला वाटलं ती दचकेल. ती दचकली नाही, पदराचा वारा तेवढा थांबला.

"अगं, तू?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"मीच."

"आपलंच घर अडवून बसलीयेस, प्रेमा. सगळी सोसायटी माझ्या नावाने शंख करतेय."

"करू द्या." तिने पदर कमरेला खोचला. "काम बंद पडल्यापासून भाऊ एकाही रात्री उठून बसलेले नाहीत. तुम्ही आकडा बघत होतात, मी त्यांची पाठ बघत होते. पहिल्या आठवड्यात आकडा खाली यायला लागला तेव्हा मी धुपाटणं खाली काढलं. म्हटलं, आता पुन्हा सुरू होणार. तुमची अपूर्वा जे काल रेघा काढून सांगून गेली, ते मला भाऊंच्या छातीवर हात ठेवल्यावर कळलं होतं."

"पण मी त्यांना शब्द दिलाय. त्यांना त्याच घरात नेणार म्हणून."

"न्या ना. पण न्यायला भाऊ तर उरायला हवेत?"

त्याला राग आणायचा होता, तो आला नाही. त्याला आठवलं ते सकाळचं बोट. इतके महिने तो काळपट म्हणत होता. कामबंदीनंतर खिडकीच्या कट्ट्यावरून त्याने एकदाही बोट फिरवलं नव्हतं, कारण तिथे धूळच नव्हती. नीलांजन की शुभदा हा वाद तर सोडाच. आपल्या बापाला आपलंच घर खोकवत होतं, आणि आपण त्यांना मुद्दाम त्याच्या तोंडासमोर आणून ठेवलं होतं, नजर ठेवायला म्हणून.  प्रेमाने त्याच्याकडे पाहिलं आणि मग निखाऱ्याकडे. 

दोघं खाली आली तेव्हा भाऊ जागे होते. मुलाची चाहूल लागताच त्यांनी हात पुढे केला. तो खाटेच्या कडेला बसला. भाऊंचा श्वास कसा चालतोय हे त्याने बऱ्याच दिवसांनी ऐकलं. अगदी सरळ चालला होता.

"चंदू," भाऊ म्हणाले, "आवाज बंद झालो. घर झाला मा?"

चंद्रप्रकाशने गॅलरीतून समोर पाहिलं. सात स्लॅब, त्यांच्या वर उघड्या सळया, त्या सळयांवर एक कावळा.

"झालं, भाऊ."

"मगे जावया." भाऊ उठायलाच लागले. "उद्या जावया."

"रंग ओला आहे अजून," तो म्हणाला. विमा कंपनीत तो खोटं बोलणाऱ्याला पहिल्या वाक्यात ओळखायचा. स्वतःचं खोटं त्याला इतकं सहज जमेल असं वाटलं नव्हतं. "रंगाचा वास तुम्हाला सोसायचा नाही. सुकू दे."

"सुकांदे," भाऊ समाधानाने पडले. "घाई नाय. झाला ना, मगे झाला." आणि नव्या घराचं दार कुठल्या अंगाला केलंय, तुळस कुठे ठेवायची, हे विचारता विचारता त्यांना झोप लागली. प्रेमा ओट्याकडे वळून उगाच भांडी हलवत राहिली.

तेवढ्यात देवव्रतचा फोन आला. अपूर्वाने काही सांगितलं का, दोष कुठे आहे ते सापडलं का, गंधालीच्या सासरच्यांना काय उत्तर द्यायचं? गंधाली चंद्रप्रकाशच्या अंगाखांद्यावर खेळलेली मुलगी. त्याने गॅलरीचं दार ओढून घेतलं आणि घसा साफ केला.

"बाहेरून येतंय," तो म्हणाला. "खाडीपलीकडून. आपल्या हातात काही नाही."

देवव्रतने सुस्कारा टाकला. म्हणजे आपली काही चूक नाही तर, म्हणाला. रात्री हाच निरोप 'शुभदा परिवार'वर गेला आणि त्यावर अंगठ्यांची रांग लागली. आपली चूक नाही हे ऐकून लोकांचा राग निम्म्याने उतरला. उरलेला राग खाडीपलीकडच्यांवर काढायला सगळे मोकळे झाले. नीलांजनच्या सेक्रेटरींनी तर स्वतः फोन करून सांगितलं, आम्ही पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं तशी प्रेमा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून गुडघ्यांना तेल लावत होती. गच्चीचे जिने चढून चढून ते सुजले होते. चंद्रप्रकाश थोडा वेळ खिळ्याला लटकलेल्या किल्लीकडे बघत उभा राहिला. मग त्याने गॅसवर गोवरीचा तुकडा धरला, लाल झाल्यावर धुपाटण्यात टाकला, आणि धुपाची पुडी खिशात घालून किल्ली काढली. 

वर जाऊन त्याने धुपाटणं डब्याखाली ठेवलं. धूप जरा जास्तच पडला, सवय नव्हती. गल्लीच्या पलीकडे सातव्या स्लॅबच्या वर जिथे नववा मजला यायचा होता, तिथे नुसती करडी हवा होती. भाऊ तिथे कालपासून राहायला गेले होते. वारा फिरला, सगळा धूर त्याच्याच तोंडावर आला आणि त्याला जोराचा ठसका लागला. खाली भाऊंना ऐकू जाऊ नये म्हणून त्याने खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर घट्ट दाबून धरला.